जपानमध्ये शिकायला जाताय? जवळची शाळा गाठा

दुपारचे सव्वाबारा. जपानमधल्या एखाद्या सरकारी प्राथमिक शाळेत या सुमारास चौथा तास संपतो आणि वर्गाचे रूप पालटते. बाके जोडून चार-सहा जणांचे गट होतात. त्या आठवड्याची पाळी असलेली मुले पांढरे डगले, टोप्या आणि मास्क चढवतात, भाताचे, सुपाचे, भाजीचे डबे वर्गात आणतात आणि स्वतःच वाढायला लागतात. सगळ्यांची ताटे भरेपर्यंत कोणी घास उचलत नाही. शिक्षकही त्याच वर्गात, तेच जेवण घेऊन बसलेले असतात. मग सगळा वर्ग हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हणतो आणि जेवण सुरू होते. जेवणानंतर भांडी परत जातात, दुधाचे रिकामे खोके नीट घडी करून एकावर एक रचले जातात आणि थोड्याच वेळात अख्खी शाळा सफाईला लागते. पंधरा-वीस मिनिटे केर काढणे, फळा पुसणे आणि ओणवे होऊन दोन्ही हातांनी ओले फडके दाबत व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणे, हे सगळे मुलेच करतात.

जपानमध्ये दोन-दोन वर्षे राहून परतलेल्या अनेक भारतीय विद्यार्थ्यांनी हे कधीच पाहिलेले नसते. प्रयोगशाळा, वसतिगृह आणि एखाद्या कोम्बिनी दुकानातले अर्धवेळ काम, एवढ्यात दिवस संपतो. सुट्टीत फुजी पर्वत होतो, क्योतोची मंदिरे होतात. पण ज्या गावात घर केले त्या गावातली माणसे कशी जगतात, मुलांना कशी वाढवतात, अडचणीच्या वेळी एकत्र कशी येतात, हे कळायचे राहून जाते. ते कळण्याची सर्वांत जवळची जागा म्हणजे राहत्या वस्तीतली शाळा. तिथे पोहोचायला जपानी भाषेवर प्रभुत्व लागत नाही. योग्य वाट, आधीची तयारी आणि थोडा धीर मात्र लागतो.

या लेखात उदाहरणे बरीचशी ओकायामा या शहराची आणि त्याच्या आसपासची घेतली आहेत. त्याला कारण आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून बेतले ती कोराकुएन बाग ओकायामाची. नागपूरच्या दीक्षाभूमीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते भदंत सुरई ससाई जन्माने ओकायामा प्रांतातले. मराठी विद्यार्थ्याला त्या गावात बोलायला विषय शोधावा लागत नाही.

शाळाच का?

जपानमध्ये सहा वर्षांची प्राथमिक आणि तीन वर्षांची माध्यमिक शाळा असे नऊ वर्षांचे शिक्षण सक्तीचे आहे. सरकारी शाळेत मूल कुठे जाणार हे सहसा घराच्या पत्त्यावरून ठरते. त्यामुळे एका वस्तीतली मुले एका शाळेत असतात आणि बहुतेक चालतच जातात. सकाळी पिवळ्या टोप्या घातलेल्या, पाठीवर ‘रान्दोसेरू’ हे टणक दप्तर घेतलेल्या मुलांची रांग दिसते. चौकाचौकांत हातात पिवळा झेंडा घेऊन त्यांना रस्ता ओलांडून देणारे आजी-आजोबा किंवा पालक उभे असतात. ते पगारी नोकर नसतात, त्याच गल्लीत राहणारे शेजारी असतात.

शाळेची व्यायामशाळा संध्याकाळी गावातल्या बॅडमिंटन-व्हॉलीबॉलच्या मंडळांना मिळते. भूकंप किंवा पूर आला की तीच व्यायामशाळा निवारा होते. जुलै 2018 च्या अतिवृष्टीत ओकायामा प्रांतातल्या कुराशिकी शहराचा माबी हा भाग पाण्याखाली गेला. एकट्या माबीत पन्नासहून अधिक माणसे गेली. घर सोडावे लागलेल्या लोकांना आसरा मिळाला तो तिथल्या शाळांत. म्हणून जपानमध्ये पाऊल ठेवल्यावर पहिल्या आठवड्यात करायचे एक काम असे, की आपल्या पत्त्यासाठी नेमलेले निवारा-ठिकाण कोणते ते नगरपालिकेच्या नकाशावर पाहावे आणि एकदा तिथपर्यंत चालत जाऊन यावे. ते ठिकाण बहुधा शाळाच असते. फाटक बाहेरून का होईना, ओळखीचे होते.

फाटक उघडते कसे?

आपल्याकडे गावच्या शाळेत पाहुणा सहज आत जातो, मुख्याध्यापकांना नमस्कार करतो, चहा होतो. जपानमध्ये असे मुळीच करू नये. 8 जून 2001 रोजी ओसाकाजवळच्या इकेदा प्राथमिक शाळेत एक माणूस घुसला आणि त्याने आठ मुलांचा जीव घेतला. त्यानंतर देशभरच्या शाळांची फाटके बंद राहू लागली. आत येणाऱ्या प्रत्येकाची नोंद आणि गळ्यात पाहुण्याची पट्टी ही रीत पडली. न कळवता फाटकाशी घुटमळणारा, मुलांचे फोटो काढणारा परका माणूस दिसला तर पोलिसांना फोन जाऊ शकतो. त्याचा राग मानण्यासारखे काही नाही.

रीतसर वाटा चार आहेत.

पहिली वाट विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातून जाते. आसपासच्या शाळा परदेशी विद्यार्थ्यांना बोलावतात आणि ही निमंत्रणे बहुतेक याच कार्यालयात येतात. प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत 2002 पासून ‘एकात्मिक अभ्यासा’चा तास आहे. परदेशांची ओळख हा त्यातला नेहमीचा विषय. एप्रिल 2020 पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, त्यामुळे शिक्षकांनाही इंग्रजी बोलणारे पाहुणे हवे असतात. कार्यालयातल्या फलकावर चिठ्ठी लागण्याची वाट पाहू नये. पहिल्याच सत्रात जाऊन ‘शाळाभेटीची संधी आली तर माझे नाव घ्या’ असे सांगून ठेवावे.

दुसरी वाट शहराच्या आंतरराष्ट्रीय मैत्री संघटनेची. बहुतेक मोठ्या शहरांत आणि प्रत्येक प्रांतात अशी संस्था असते. शाळांत जाऊन आपल्या देशाविषयी बोलू शकणाऱ्या परदेशी रहिवाशांची नावे तिथे नोंदवली जातात. स्वस्त किंवा मोफत जपानी वर्ग आणि एखाद्या कुटुंबात दिवसभर पाहुणे म्हणून जाण्याची सोयही याच संस्था करतात.

तिसरी वाट शाळेच्या खुल्या दिवसांची. अनेक शाळा वर्षातून काही दिवस वर्ग पाहण्यासाठी पालकांना आणि वस्तीतल्या लोकांना बोलावतात. उच्च माध्यमिक शाळांचा ‘बुन्कासाई’, म्हणजे मुलांनीच उभा केलेला सांस्कृतिक महोत्सव, बऱ्याच ठिकाणी बाहेरच्यांना खुला असतो. काही शाळा आधी नाव नोंदवायला सांगतात, काही फक्त नातेवाइकांना आत घेतात. शाळेच्या संकेतस्थळावर ते दिलेले असते.

चौथी वाट खास शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी. जपानी शिक्षक एकमेकांचे तास पाहतात आणि मग एकत्र बसून त्यावर तपशिलात बोलतात. ‘ज्युग्यो केन्क्यू’ नावाच्या या पद्धतीचा अभ्यास आता जगभर होतो. ओकायामा विद्यापीठासारख्या राष्ट्रीय विद्यापीठांना जोडलेल्या शाळा असतात आणि अशा शाळा बाहेरच्या शिक्षकांसाठी जाहीर पाठ ठेवतात. तीस-पस्तीस शिक्षक भिंतीला टेकून, हातात पाठाचे टाचण घेऊन, एकाच मुलाच्या वहीत काय लिहिले जाते याची नोंद करत आहेत, हे दृश्य पाहिलेला शिक्षक आपल्या वर्गाकडे नव्या नजरेने पाहू लागतो.

यांपैकी कोणतीही वाट घेतली तरी थेट संपर्क करायची वेळ आली, की उपमुख्याध्यापकांच्या नावे पत्र लिहावे. बाहेरच्या माणसांशी होणारा व्यवहार बहुधा तेच सांभाळतात. पत्रात आपण कोण, कुठल्या विद्यापीठात, काय पाहायचे आहे, शाळेला आपला काय उपयोग होईल आणि कोणते दिवस जमतील, एवढे असावे. विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या दोन ओळी सोबत असल्या तर काम पुष्कळ सोपे होते. दीड-दोन महिने हातात ठेवून विचारावे. होकार देण्याआधी शाळेला कधी स्थानिक शिक्षण मंडळाला विचारावे लागते आणि वेळापत्रकही बदलावे लागते.

परवानगी यायला वेळ लागत असेल तर तोवर जुन्या शाळा पाहाव्यात. ओकायामा प्रांतातली शिझुतानी शाळा इकेदा मित्सुमासा या सरदाराने 1670 मध्ये सामान्य रयतेच्या मुलांसाठी सुरू केली. तिचे सभागृह राष्ट्रीय ठेवा मानले जाते. छतावर बिझेनच्या मातीची तांबूस-तपकिरी कौले आहेत आणि आतली लाकडी जमीन इतकी घोटलेली, की कमानदार खिडक्यांतून येणारा उजेड तिच्यात पाण्यातल्यासारखा दिसतो. आजही मुले तिथे मांडी मोडून बसतात आणि कन्फ्यूशियसची वचने एका सुरात वाचतात. नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो इथली 1876 ची काइचि शाळा हीसुद्धा अशीच आवर्जून पाहावी. पाश्चात्त्य घडणीची इमारत उभारताना जपानी सुतारांनी दारावर ढग, देवदूत आणि ड्रॅगन एकत्र कोरले आहेत. तिथे तिकीट काढून कोणालाही जाता येते.

भेटीच्या दिवशी

ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी पोहोचावे. त्याहून फार आधी गेले तर यजमानांची धावपळ होते आणि उशीर तर चालतच नाही. वाटेत गाडी चुकली तर लगेच फोन करावा.

शाळेच्या दारातच पादत्राणे काढायची असतात. मुलांची बाहेरची आणि आतली पादत्राणे वेगळी असतात. प्रत्येकाचा कप्पा ठरलेला असतो आणि आत पांढरे कापडी ‘उवाबाकी’ चालतात. पाहुण्यांसाठी सपाता ठेवलेल्या असतात, पण त्या मोठ्या पायांना अपुऱ्या पडतात, म्हणून स्वतःची स्वच्छ जोडी पिशवीत न्यावी. मोजे फाटके नसावेत. काढलेली पादत्राणे दाराकडे टोके करून नीट ठेवावीत.

आत गेल्यावर नोंदवहीत सही, गळ्यात पट्टी आणि मग मुख्याध्यापकांच्या खोलीत हिरवा चहा. इथे पाच-सात मिनिटे बोलणे होते. दिवसाचा छापील कार्यक्रम हातात मिळतो आणि तो मिनिटामिनिटाने पाळला जातो. शिक्षकांना ‘सेन्सेइ’ म्हणावे. सोबत लहानशी भेट न्यायला हरकत नाही, मात्र ती शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना वाटून घेता येईल अशी असावी. वर्गातल्या मुलांना परस्पर खाऊ वाटू नये. मुलांच्या ॲलर्जीबाबत शाळा फार काटेकोर असतात.

फोटोंचा नियम आधी विचारावा आणि उत्तर ‘नको’ असले तर फोन पिशवीतून काढूच नये. परवानगी असली तरी मुलांचे चेहरे आणि छातीवरच्या नावाच्या पट्ट्या समाजमाध्यमांवर जाता कामा नयेत. मुलांना आपला खासगी पत्ता किंवा इन्स्टाग्रामचे खाते देऊ नये, त्यांच्याकडूनही मागू नये. आठवण हवी असेल तर वही आणि पेन्सिल न्यावी. वर्गाची मांडणी, भिंतीवरची पाळ्यांची यादी, खिडकीत दिसणाऱ्या आसागाओच्या (मॉर्निंग ग्लोरीच्या) वेली यांचे कच्चे रेखाटन करावे. मुले भोवती जमतात आणि बोलणे आपोआप सुरू होते.

मुलांबरोबर जेवण्याचे निमंत्रण मिळाले तर ते आनंदाने घ्यावे, पण आपला आहार आधी कळवावा. ‘मी शाकाहारी आहे’ एवढे सांगून भागत नाही. जपानी सुपाचा आणि रश्श्याचा आधार असलेल्या ‘दाशी’त सहसा मासा असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. मांस, मासे, अंडी, माशाचा अर्क यांपैकी काय चालत नाही ते लिहून द्यावे आणि स्वतःचा डबा आणू का, असे विचारावे. जेवणाचे शुल्क असेल तर ते विचारून भरावे. घेतलेले संपवावे, ताट स्वतः परत न्यावे आणि सफाईची वेळ झाली की फडके मागून घ्यावे. पाहुणा मुलांच्या शेजारी ओणवा होऊन फरशी पुसू लागला, की त्या शाळेत त्याला परका मानणे तिथेच संपते.

वर्गात काय न्यावे?

ताजमहाल, हत्ती आणि चित्रपटातली नाच-गाणी यांच्या चित्रफिती मुलांनी पाहिलेल्या असतात. त्यांना हवे असते ते आपल्याच वयाच्या मुलाचे आयुष्य. भारतातला दहा वर्षांचा मुलगा किती वाजता उठतो, शाळेत कसा जातो, डब्यात काय नेतो, कोणाला घाबरतो, सुट्टीत काय खेळतो? सांगली किंवा यवतमाळच्या एखाद्या शाळेचे वेळापत्रक, मराठीचे पहिलीचे पुस्तक, पाटी, लगोरीच्या चपट्या ठिकऱ्या, शालेय पोषण आहारात मिळणारी खिचडी, अशा साध्या वस्तू आणि गोष्टी सर्वांत जास्त चालतात. लेझीम नेली तर व्यायामशाळेचा तास मागून घ्यावा. रांगोळी काढायची तर ती जमिनीवर न काढता जाड काळ्या कागदावर काढावी. पूड उडून फरशी खराब झाली तर ती मुलांनाच पुसावी लागेल.

एक प्रयोग हमखास रंगतो, तो पाढ्यांचा. जपानी मुले दुसरीत ‘कुकु’ पाठ करतात. ‘नि इचि गा नि, नि निन गा शि, नि सान गा रोकु’ असे ठेक्यात म्हणत, शिक्षकांसमोर एकेक पाढा बिनचूक म्हणून दाखवला की कार्डावर शिक्का मिळतो. पाहुण्याने फळ्यावर दोनाचा पाढा मांडून ‘बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा’ सुरू करावे आणि वर्गाला मागून म्हणायला सांगावे. मग अर्ध्या वर्गाने मराठीत आणि अर्ध्या वर्गाने जपानीत एकाच ठेक्यावर म्हणावे. आकडे तेच, चालही जवळपास तीच. जपानी पाढे नवापर्यंत थांबतात. आपल्याकडे मुले तीसपर्यंतचे पाढे म्हणत आणि त्याच्या जोडीला पावकी, निमकी, अडीचकी होती, हे सांगितले की मुलांचे डोळे विस्फारतात. भारतीय गणिताविषयी जपानमध्ये आधीपासूनच मोठे कुतूहल आहे. 2007 च्या सुमारास तर तिथे भारतीय गणिताच्या पुस्तकांची लाट आली होती.

भाषेचे म्हणाल तर छोटी वाक्ये आणि मोठी चित्रे पुरतात. लिहिलेला मजकूर कोणत्या इयत्तेसाठी आहे ते शिक्षकांना सांगून तपासून घ्यावा. मुलांनी न शिकलेल्या चित्रलिपीवर ते बारीक अक्षरांत उच्चार लिहून देतात. पंचेचाळीस मिनिटांच्या तासात पंधरा मिनिटे बोलावे, उरलेला वेळ खेळ आणि प्रश्नांना द्यावा. उत्तर येत नसेल तर ‘विचारून कळवतो’ म्हणावे आणि नंतर खरोखर कळवावे. धर्म, जात, गरिबी यांविषयी प्रश्न येतातच. ते टाळू नयेत, मुलाला समजेल असे खरे उत्तर द्यावे.

शाळेच्या वर्षाबरोबर चालावे

एका भेटीत शाळा पाहून होत नाही. जपानी शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते आणि वस्तीचे बरेचसे सण-सोहळे त्याच चक्रात गुंफलेले असतात. त्या वर्षाबरोबर चालले तर वेगळे पर्यटन करावे लागत नाही.

एप्रिलच्या पहिल्या दिवसांत प्रवेश सोहळा होतो. तो घरच्यांचा दिवस असतो, बाहेरूनच पाहावा. 5 मे हा बालदिन, तेव्हा नदीकाठी कापडी माशांच्या माळा वाऱ्यावर फडफडतात. मे-जूनमध्ये किंवा शरद ऋतूत ‘उन्दोकाई’ हा क्रीडादिन येतो. पांढऱ्या आणि लाल टोप्यांचे दोन गट, रस्सीखेच, काठीवर उंच बांधलेल्या टोपलीत चेंडू टाकण्याची चढाओढ, आणि मैदानाच्या कडेला डबे घेऊन आलेली सगळी वस्ती. 7 जुलैला तानाबाता असतो. रंगीत कागदांच्या पट्ट्यांवर इच्छा लिहून बांबूला बांधतात. परदेशी विद्यार्थ्याने आपल्या लिपीत लिहिलेली पट्टी मुलांना फार आवडते.

जुलैच्या अखेरीस उन्हाळी सुट्टी लागते आणि शाळा बाहेर येते. अनेक वस्त्यांत सकाळी साडेसहाला मुले गळ्यात कार्ड अडकवून बागेत जमतात. एनएचके रेडिओवर पियानो सुरू होतो आणि आजोबांपासून पहिलीच्या मुलांपर्यंत सगळे एकच व्यायाम करतात. शेवटी कार्डावर शिक्का मिळतो. ‘राजिओ ताइसो’ नावाचा हा उपक्रम 1928 पासूनचा. सामील व्हायला पैसे नाहीत, नोंदणी नाही, भाषाही नाही. नव्या गावात शेजाऱ्यांशी ओळख करून घ्यायला याहून सोपी जागा नाही. ऑगस्टमध्ये बोन ओदोरी येते. मधोमध उंच मचाण, त्यावर ढोल आणि भोवती गोल फिरत नाचणारी माणसे. हातवारे मोजकेच असतात. पुढच्या आजींकडे पाहून ते चार फेऱ्यांत येतात. ओकायामात याच महिन्यात ‘उराजा’ होतो, चेहरे रंगवून रस्त्यांवर नाचण्याचा मोठा उत्सव. तिथल्या लोककथेतल्या उरा या राक्षसावरून त्याचे नाव पडले. नाचणाऱ्या गटांची तालीम काही महिने आधी सुरू होते, म्हणून वसंतातच विचारावे.

1 सप्टेंबर 1923 रोजी तोक्यो-योकोहामा परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. त्याच्या आठवणीत हा दिवस आपत्ती निवारण दिन म्हणून पाळला जातो आणि त्या सुमारास शाळांतून सराव होतो. घोषणा होताच मुले बाकाखाली शिरून बाकाचे पाय धरतात. मग ढकलायचे नाही, धावायचे नाही, बोलायचे नाही, मागे फिरायचे नाही, हे चार नियम पाळत मैदानात जमतात. हा सराव पाहायला आणि जमल्यास करायला जरूर जावे. ज्या देशात आपण झोपतो-उठतो तिथे जीव वाचवण्याचे शिक्षण त्या देशाची मुले कशी घेतात, हे आपल्यालाही यायला हवे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे महोत्सवांचे दिवस, शाळाभेटीसाठी सर्वांत चांगले. जानेवारीच्या मध्यावर विद्यापीठ प्रवेशाची सामाईक परीक्षा असते. त्या काळात उच्च माध्यमिक शाळांना त्रास देऊ नये. प्राथमिक शाळांचे दार मात्र फेब्रुवारीपर्यंत उघडे असते. 3 फेब्रुवारीच्या आसपास सेत्सुबुन येतो आणि मुले राक्षसाचा मुखवटा घातलेल्या माणसावर भाजलेले सोयाबीन फेकतात. तो मुखवटा घालायला पाहुण्याने तयारी दाखवली तर वर्ग डोक्यावर घेतला जातो.

शाळेच्या फाटकाबाहेर

दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 पासून, जपानी सरकारने गावोगावी ‘कोमिनकान’ उभी करायला सुरुवात केली. लोकांनी एकत्र येऊन शिकावे, आपल्या गावाचे प्रश्न बोलावेत, यासाठीची ही घरे. ओकायामा शहरात जवळपास प्रत्येक माध्यमिक शाळेच्या क्षेत्रात एक कोमिनकान आहे. पर्यावरण आणि शाश्वत विकासाचे शिक्षण त्यांच्यामार्फत घरोघर पोहोचवल्याबद्दल शहराला 2016 मध्ये युनेस्को-जपान पुरस्कार मिळाला. इथे सुलेखन, पुष्परचना, चहाविधी, स्वयंपाक असे वर्ग अगदी माफक शुल्कात चालतात. भेटणारी माणसे बहुतेक निवृत्त, वेळ असलेली आणि बोलायला उत्सुक. स्वयंपाकाच्या वर्गात एकदा पिठले-भाकरी किंवा थालीपीठ करून दाखवण्याची तयारी सांगावी. ज्वारीचे पीठ मिळवायला अडचण पडेल, कांदा-कोथिंबिरीला पडणार नाही.

शाळेतली मुले सहलीला जातात ती ठिकाणेही आपल्या यादीत घालावीत, कारण शिक्षकांनी ती विचारपूर्वक निवडलेली असतात. ओकायामाजवळच्या इंबे गावात बिझेनची बिनचकाकीची मातीची भांडी आजही लाकडाच्या भट्टीत भाजली जातात. कुराशिकीतले ओहारा कला संग्रहालय 1930 पासून आहे. वाकायामा प्रांतातले कोयासान तर मराठी माणसाने चुकवू नये असे. कुकाई या बौद्ध आचार्यांनी नवव्या शतकात वसवलेल्या या डोंगरी मठात राहायची सोय आहे आणि जेवण पूर्ण शाकाहारी मिळते. तिथल्या विद्यापीठात 2015 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसवला गेला. महाराष्ट्र आणि वाकायामा यांच्यात 2013 मध्ये झालेल्या सहकार्य कराराच्या ओघात हे घडले.

शाळेच्या वाटेने जपानी समाजात किती आत जाता येते, हे योगेंद्र पुराणिक यांच्याकडे पाहिले की कळते. अंबरनाथमध्ये वाढलेले पुराणिक विद्यार्थी म्हणून जपानला गेले, तिथे स्थायिक झाले आणि 2019 मध्ये तोक्योच्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले. पुढे इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा इथल्या जुन्या, नामांकित सरकारी उच्च माध्यमिक शाळेचे ते आधी उपमुख्याध्यापक आणि 2023 मध्ये मुख्याध्यापक झाले.

नियम, पैसे आणि तयारी

विद्यार्थी व्हिसावर काम करायचे तर वेगळा परवाना घ्यावा लागतो आणि सत्र चालू असताना आठवड्याला 28 तासांची मर्यादा असते. शाळाभेट बहुधा स्वेच्छेची असते, पण काही ठिकाणी प्रवासखर्च आणि थोडे मानधन देतात. मानधन घेण्याआधी विद्यापीठाच्या कार्यालयात विचारून घ्यावे. नियमित शिकवण्याचे काम असेल तर परवान्याचा प्रश्न येतोच.

तयारी इथूनच सुरू करता येते. जपानी भाषेची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. पाच पातळ्यांपैकी सर्वांत सोपी एन-5 झालेली असली तरी मुलांशी चार वाक्ये बोलता येतात, एन-4 असेल तर मुलांचे प्रश्न समजू लागतात. पुण्यात ही भाषा शिकण्याची जुनी परंपरा आहे. रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ ही त्यातली ओळखीची नावे.

नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी जपान सरकारची स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे. पस्तिशीच्या आतल्या आणि किमान पाच वर्षे शिकवलेल्या शिक्षकांना साधारण दीड वर्ष जपानी विद्यापीठात राहून अभ्यास करता येतो. त्यात भाषेचे प्रशिक्षण असते आणि शाळांना भेटी देणे हा अभ्यासाचाच भाग असतो. अर्ज जपानी दूतावासामार्फत मागवले जातात. त्या वर्षीच्या अटी आणि तारखा दूतावासाच्या सूचनेतच पाहाव्यात. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या तरुण शिक्षकांनी या संधीकडे जरूर लक्ष द्यावे.

भेटीनंतर

आठवड्याच्या आत आभाराचे पत्र पाठवावे, शक्यतो हाताने आणि जपानीत लिहिलेले. ‘सर्व काही छान होते’ असे लिहिण्यापेक्षा कोणत्या मुलाने काय विचारले, सफाईच्या वेळी काय लक्षात आले, असे एक-दोन नेमके प्रसंग लिहावेत. बहुतेक वेळा वर्गाकडूनही मुलांच्या अक्षरातली पत्रे येतात. त्यांना उत्तर पाठवावे, सगळ्या वर्गाला मिळून एक पुरते.

त्याच दिवशी रात्री टिपणे काढावीत: तासांची वेळ, वर्गातली मुले, भिंतीवर काय होते, शिक्षक किती वेळ बोलले आणि मुले किती वेळ. पुढे प्रकल्प किंवा प्रबंध लिहायचा झाला तर ही टिपणे कामी येतात. मुलांची नावे मात्र त्यांत लिहू नयेत.

आणि मार्चमध्ये एक गोष्ट लक्षात ठेवावी. जपानमध्ये सरकारी शाळांतल्या शिक्षकांच्या बदल्या वर्षअखेरीस जाहीर होतात आणि 1 एप्रिलला नवी माणसे रुजू होतात. ज्या उपमुख्याध्यापकांनी आपल्याला दार उघडले ते कदाचित दुसऱ्या गावी गेलेले असतात. म्हणून मार्चच्या सुरुवातीलाच त्यांना भेटून आभार मानावेत आणि पुढच्या वर्षीही यायची इच्छा असल्याचे सांगून ठेवावे, म्हणजे कार्यभार सोपवताना ते आपले नाव पुढच्यांना सांगून जातात. एप्रिल संपता संपता नव्या उपमुख्याध्यापकांना ओळखीचे छोटे पत्र पाठवावे. त्यात गेल्या वर्षी कोणत्या वर्गात काय केले ते लिहावे आणि जूनमधल्या दोन-तीन सोयीच्या तारखा द्याव्यात.